उभ्या गाडीचा हिशेब

पिकअप घ्यायची ठरली की घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. केवढ्याला पडते, आणि ॲव्हरेज किती देते? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण या दोन उत्तरांवर सौदा होतो आणि पुढची आठ-दहा वर्षे ज्या गोष्टीने त्या घराचे बरेवाईट ठरते, ती विचारायची राहूनच जाते. ही गाडी वर्षातले किती दिवस उभी राहते? हातात भाडे आहे, माल तयार आहे, हप्ता चालू आहे आणि गाडी मात्र गॅरेजच्या दारात आहे, अशा दिवसाला मी आज ‘उभा दिवस’ म्हणणार आहे. मालवाहू गाडीचा टिकाऊपणा आणि ती बाळगण्याचा खर्च हे दोन वेगळे विषय नाहीत. उभ्या दिवसांत मोजले की ते एकच होतात, आणि अशी मोजणी केली तर आपण आज करतो त्याहून वेगळी निवड करू, असे मला दाखवायचे आहे.

ही गाडी कुणाच्या हातात आहे, ते आधी पाहू. मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली. दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन, ताकद अवघी १६ अश्वशक्ती, आणि लोकांनी नाव दिले ‘छोटा हत्ती’. तोवर तीनचाकी टेंपो आणि मोठा ट्रक यांच्यामध्ये फारसे काही नव्हते. महिंद्राची पिकअप, २०११ मध्ये आलेली अशोक लेलँडची दोस्त, २०१६ मध्ये आलेली मारुतीची सुपर कॅरी अशा गाड्यांनी ही मधली जागा भरून काढली. त्यातून एक नवा माणूस उभा राहिला: स्वतःच मालक आणि स्वतःच चालक. वीस गाड्यांच्या ट्रान्सपोर्टवाल्याची एक गाडी बंद पडली तर तो दुसरी पाठवतो. याच्याकडे दुसरी नसते. दोन वेळा वेळेवर पोचला नाही तर व्यापारी तिसऱ्या वेळी दुसऱ्याला फोन करतो, आणि ते भाडे परत मिळेलच असे नाही. म्हणून गाडीच्या भरवशाचा प्रश्न त्याच्या बाबतीत थेट पोटाचा आहे.

आता आकडे मांडू. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. ज्याने त्याने घरी जाऊन स्वतःचे घालावेत. वर्षाला ३०० दिवस, रोज १०० किलोमीटर, म्हणजे आठ वर्षांत २ लाख ४० हजार किलोमीटर. एक गाडी लिटरला १६ किलोमीटर देते, दुसरी १४. डिझेल ९० रुपये धरले तर पहिलीला आठ वर्षांत १५,००० लिटर लागेल, दुसरीला सुमारे १७,१४०. फरक १ लाख ९३ हजार रुपयांच्या घरात जातो. आकडा मोठा वाटतो, आणि शोरूममध्ये तोच पुढे केला जातो. पण वर्षाला तो २४ हजार होतो आणि कामाच्या दिवसाला ८० रुपये. आता डिझेल वजा जाता दिवसाकाठी १,५०० रुपये सुटतात असे धरा. जास्त ॲव्हरेज देणारी गाडी दुसरीपेक्षा वर्षात १६ दिवस जास्त उभी राहिली, की ॲव्हरेजचा सगळा फायदा संपला. दुरुस्तीचे बिल यात धरलेलेच नाही. गेलेले गिऱ्हाईकही धरलेले नाही. त्यात ८ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी असेल तर महिन्याला सुमारे १७,४०० रुपये हप्ता बसतो, म्हणजे दिवसाला ५८०. तो गाडी फिरते की उभी आहे हे विचारत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, १६ दिवस हा फार मोठा फरक झाला, नावाजलेल्या गाड्यांत इतके अंतर नसते. आठ वर्षांची सरासरी काढली तर कदाचित नसेलही. पण बिघाड सरासरीने येत नाहीत. पहिली तीन वर्षे काही होत नाही आणि मग एकाच महिन्यात इंजेक्टर, क्लच प्लेट आणि टर्बो रांगेने येतात. आणि दुरुस्तीला लागणारा वेळ बिघाडाच्या आकारावर ठरत नाही. तो भाग कुठून यायचा आहे यावर ठरतो. तालुक्याच्या दुकानात मिळणारी क्लच प्लेट अर्ध्या दिवसात बसते. दोन हजारांचा एखादा सेन्सर पुण्यामुंबईहून मागवायचा असला तर गाडी चार दिवस हलत नाही. म्हणून माझ्या हिशेबात गाडीची किंमत पाहण्याआधी तिच्या सुट्या भागांचे दुकान आणि तिची नाडी ओळखणारा मिस्त्री किती किलोमीटरवर आहे हे पाहावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक म्हणतात, एवढी चिकित्सा कशाला? अमुक गाडीने गावात पंधरा वर्षे काढली, सगळ्यांना ठाऊक आहे, तीच घ्यावी. लोकांच्या या अनुभवाला मी कमी लेखत नाही. छापील जाहिरातीपेक्षा तो कितीतरी खरा असतो. अडचण एवढीच की, तो अनुभव ज्या गाडीचा आहे ती गाडी आता मिळत नाही. नाव तेच, हौदा तोच, पण आतली यंत्रणा बदलली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर धुराचे बीएस-४ नियम आले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आली. हवेसाठी हे आवश्यकच होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जुन्या इंजिनाची पुण्याई नव्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

नेमके काय बदलले ते जरा जवळून पाहू, कारण आजचे बरेचसे उभे दिवस इथेच जन्मतात. डिझेलच्या धुरातली काजळी पकडण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी बसवलेली असते, तिला डीपीएफ म्हणतात. चिनी मातीसारख्या पदार्थाच्या ठोकळ्यात बारीक बारीक नळ्या, एका टोकाला एक बंद तर शेजारची उघडी. धूर भिंतीतून झिरपतो, काजळी मागे राहते. ती साचली की इंजिन थोडे जास्त डिझेल सोडून तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगाने चालावी लागते. चाकण ते नाशिक अशी हायवेची फेरी असेल तर हे काम चालकाच्या नकळत उरकते. पण बाजार आवारातून चार किलोमीटरवरच्या दुकानात, तिथे इंजिन बंद, पुन्हा तीन किलोमीटर, असे दिवसभर चालले तर जळण अर्ध्यावर तुटते. काजळी साचत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, चालक म्हणतो ‘सेन्सर गेला असेल’ आणि चालवत राहतो. मग एक दिवस गाडी जोरच घेत नाही आणि स्कॅनर लावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्यात स्वस्तातले भलते ऑइल घातले असेल तर त्याची राख गाळणीत साचते, आणि राख तर कितीही तापवली तरी जळत नाही. म्हणजे एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन गाड्यांपैकी हायवेवरची भरवशाची ठरेल आणि गल्लीबोळातली कटकटीची. दोष गाडीचाही नाही आणि चालकाचाही नाही. गाडी आणि वाट यांची सोयरीक चुकली आहे. शहरातल्या आखूड फेऱ्यांसाठी पेट्रोल-सीएनजी गाडी बरी असे मी म्हणतो ते याच कारणाने. मात्र तिथेही पंपावरची रांग हा उभाच वेळ आहे, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करून घ्यावी लागते. विजेची पिकअप ठरलेल्या मार्गाला आणि रात्री चार्जिंगची हक्काची जागा असणाऱ्याला जमेल. घाटातल्या बेभरवशाच्या फेऱ्यांना ती आज सुचवायला मी धजणार नाही.

आता वजनाकडे येऊ. १,३०० किलो क्षमतेची पिकअप आणि टोमॅटोचे क्रेट घ्या. क्रेटमध्ये २० किलो माल धरला आणि क्रेटचे स्वतःचे दोन किलो, तर कायद्याने त्या हौद्यात ५९ क्रेट बसतात. प्रत्यक्षात हंगामात फाळक्याच्या वर थर चढवत नव्वदपर्यंत जाणे कुणाला वावगे वाटत नाही. जवळजवळ दोन टन झाले. गाडी निघते, पोचतेही, म्हणून वाटते की पेलले. पण लोखंड विसरत नाही. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या तिसऱ्या घाताने घटते हे यंत्रशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. ॲक्सलवरचा भार सव्वापट झाला की बेअरिंगचे आयुष्य जवळपास निम्मे होते. भार वाढला पंचवीस टक्के, आयुष्य घटले पन्नास टक्के. पाटे बसतात, टायर तापून कडेने खातात, क्लच घसरतो. घाट उतरताना जेवढे वजन जास्त तेवढी उष्णता ब्रेकमध्ये जास्त, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरण्याची सवय असेल तर इंजिनचा आधारही गेला. मग आपण म्हणतो की या कंपनीचे बेअरिंग टिकत नाही.

इथे मला अडवून कुणी विचारेल, तुम्ही हे चालकाला सांगता आहात, पण भाडे क्रेटवर मिळते आणि दर व्यापारी ठरवतो, मग कमी भरून त्याने हप्ता कुठून फेडायचा? हा आक्षेप मी मान्य करतो, आणि त्याला उपदेशाचे उत्तर देणे अन्याय्य आहे. व्यवहाराचे उत्तर मात्र आहे. नव्वद क्रेटच भरायचे हे आधीपासून ठाऊक असेल तर नव्वद क्रेटची गाडी घ्यावी. मोठी गाडी बाळगणे महाग पडेल असे वाटत असेल तर थर्ड पार्टी विम्याचा टप्पा पाहा. भाड्याने माल वाहणाऱ्या, ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाच्या सर्व चारचाकी गाड्यांना तो एकच आहे, २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये. पाऊण टनाची गाडी आणि पावणेदोन टनांची गाडी सारखाच हप्ता भरतात, म्हणजे दर टनामागे मोठीचा खर्च निम्म्याहूनही कमी पडतो. परवान्याचा मुद्दा उलट बाजूचा आहे: एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर परवाना लागत नाही, वर गेले की लागतो. तो खर्च धरूनही मोठी गाडी क्षमतेत चालवणे स्वस्त पडते, कारण जादा भाराबद्दल मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजारांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आणखी लागतात. एका दंडात महिन्याभराचा हप्ता जातो.

इंजिनाच्या कीर्तीवर सगळी गाडी तोलण्याची चूक फक्त आपण करत नाही. अमेरिकेत टोयोटाची टॅकोमा ही टिकाऊपणाचे दुसरे नाव मानली जाते. पण तिथल्या थंड प्रदेशात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने या गाड्यांच्या चासी गंजल्या, आणि २०१६ मध्ये टॅकोमा, टुंड्रा व सिकोया मिळून सुमारे १५ लाख गाड्यांच्या दाव्यात कंपनीने तडजोड केली. खर्चाचा अंदाज होता ३.४ अब्ज डॉलरपर्यंत. इंजिने धडधाकट होती, खालचा सांगाडा पोखरला होता. रत्नागिरी, मालवण, मडगाव या पट्ट्यात मासळी वाहणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. बर्फाचे वितळलेले खारे पाणी हौद्याच्या सांध्यांतून थेट चासीच्या लांब पट्ट्यांवर ठिबकते आणि जिथे पाटे अडकवलेले असतात त्या कोपऱ्यात साचून राहते. तिथे पावसाळ्याआधी खालून गोड्या पाण्याने धुणे आणि गंजरोधक लेप देणे याला इंजिन ऑइल बदलण्याइतकेच महत्त्व आहे. जुनी गाडी घेताना तिथे तर बॉनेट उघडण्याआधी वाकून खाली पाहिले पाहिजे.

राहता राहिला प्रश्न पुराव्याचा. उभे दिवस मोजा म्हणायचे, पण कोणत्या गाडीचे किती, हे विकत घेणाऱ्याने कुठून शोधायचे? ब्रिटनमध्ये गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचे, म्हणजे एमओटीचे निकाल मालकाची ओळख वगळून सर्वांना खुले केले जातात. कोणते मॉडेल किती वर्षांनी कशात नापास होते, हे कुणीही मोजू शकतो. जर्मनीत ट्यूव्ह या तपासणी संस्थांच्या तपासण्यांवर आधारलेला अहवाल दरवर्षी निघतो. आपल्याकडे कच्चा माल कमी नाही. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावेच लागते. ब्रेक, धूर, दिवे, चासी सारे तपासले जाते, आणि त्याची नोंद संगणकावर होते. ती नोंद मालकाच्या प्रमाणपत्रापुरती वापरली जाते आणि तिथेच थांबते. परिवहन खात्याने गाडी क्रमांक आणि नावे काढून, मॉडेल, वय, किलोमीटर आणि नापास होण्याचे कारण एवढे चार रकाने दरवर्षी जाहीर करावेत, अशी मागणी या व्यासपीठावरून मी करतो. त्याला नवे यंत्र लागत नाही, नवा कर्मचारी लागत नाही. आणि तोवर मालकांच्या संघटना, बाजार समित्यांबाहेरचे टेंपो अड्डे, यांनी एक वही ठेवायला हरकत नाही: तारीख, किलोमीटर, भरलेले वजन, काय बिघडले, भाग कुठून आला, गाडी किती दिवस उभी. एका अड्ड्यावरच्या पन्नास गाड्यांची दोन वर्षांची अशी वही झाली, तर पुढची गाडी घ्यायला निघालेला तरुण शोरूमच्या आधी तिथे जाईल.