हेरपटाचा सांगाडा आणि लाल महालाची रात्र

(पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पनवेलहून खोपोलीकडे निघावे आणि तेथून पालीच्या रस्त्याला लागावे, म्हणजे चावणी गावाजवळ अंबा नदीच्या पात्राशी एक स्मारक दिसते. उंबरखिंड ती हीच. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखान उझबेकाची फौज येथे कोंडली गेली. घाट उतरून कल्याण, भिवंडी, पनवेल, नागोठणे हा सारा पट्टा घेण्याचा खानाचा मनसुबा होता. पुढे गच्च रान, मागे परतीची वाट बंद आणि दोन्ही अंगांना मावळे, अशा अवस्थेत माहूरच्या रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी भरून खान जीव घेऊन परतला. लढाई एका दिवसाची होती. परंतु खान कोणत्या वाटेने उतरणार, त्याच्याबरोबर किती माणूस आहे, पाण्याची सोय कोठे आहे, ही बातमी महाराजांकडे येण्याचे काम त्याआधी कितीतरी दिवस चालले असले पाहिजे. ते काम करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या स्मारकावर कोरता येणार नाही, कारण ती नावे कोणी लिहूनच ठेवली नाहीत.

आजचा विषय हेरपटांचा आहे आणि त्याची सारी अडचण या एका गोष्टीत सामावलेली आहे. हेराचे यश म्हणजे तो न दिसणे. चित्रपटाचे यश म्हणजे नायक सतत दिसणे. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी चित्रपटाने एक ठरावीक सांगाडा उभा केला.

तो सांगाडा पाश्चात्त्य समीक्षेने फार पूर्वी उलगडला आहे. इयान फ्लेमिंग यांची ‘कॅसिनो रॉयल’ ही पहिली बाँड-कादंबरी १९५३ ची. पहिला बाँडपट ‘डॉ. नो’ १९६२ चा. पुढे तीनच वर्षांनी, १९६५ मध्ये, उंबेर्तो एको या इटालियन पंडिताने फ्लेमिंगच्या कादंबऱ्या बुद्धिबळाच्या डावासारख्या मांडून दाखविल्या. वरिष्ठ अधिकारी नायकाला कामगिरी सोपवितो. खलनायक पटावर येतो. नायक त्याला पहिला शह देतो. स्त्री येते. खलनायक नायकाला पकडून त्याचा छळ करतो. नायक सुटतो आणि खलनायकाचा अंत करतो. खेळ्यांचा क्रम मागेपुढे होईल, एखादी खेळी दोनदाही येईल, पण चुकणार नाही. प्रेक्षकाला हे सारे ठाऊक असते आणि त्याचे त्याला काहीही वाटत नाही. कीर्तनातले आख्यानही श्रोत्यांना पाठच असते. म्हणून कोणी बुवांसमोरून उठून जात नाही.

हिंदी चित्रपटाने हा डाव लवकर उचलला. जितेंद्र यांचा ‘फर्ज’ १९६७ चा, रामानंद सागर यांचा ‘आँखें’ १९६८ चा. गंमत अशी, की त्याच वर्षी, सप्टेंबर १९६८ मध्ये, रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली ‘रॉ’ ही आपली परदेशी गुप्तवार्ता-संस्था स्थापन झाली. पडद्यावरचा भारतीय हेर संस्थेपेक्षा वयाने थोडा मोठाच म्हणायचा! त्या काळच्या खलनायकाला धड देशही नसे. एक तळघर, लुकलुकणारे दिवे आणि एक गुळगुळीत टक्कल एवढ्यावर त्याचे भागे. पुढे खलनायकाला देश मिळाला आणि अलीकडे तर तो आपल्याच संस्थेतून फुटलेला माणूस झाला. ‘पठाण’ या २०२३ च्या चित्रपटात देशावर उठलेला जिम हा पूर्वीचा आपलाच हेर आहे. ‘एक था टायगर’ (२०१२) मध्ये तर नायक शत्रूच्या गुप्तहेर-संस्थेतील स्त्रीच्या प्रेमात पडतो आणि दोघेही आपापली संस्था सोडून निघून जातात. हेराने आज्ञा मोडणे हा दोष न राहता नायकत्वाचा पुरावा ठरला. सांगाड्यातील हा बदल साधा नाही. ज्या पेशात आज्ञा आणि मौन हेच भांडवल, तेथे आज्ञाभंगाला टाळ्या मिळू लागल्या.

याला अपवाद आहेत. नीरज पांडे यांच्या ‘बेबी’मध्ये (२०१५) निदान कामाची पद्धत दिसते; कचेरी, वरिष्ठ आणि सहकारी दिसतात. मेघना गुलजार यांच्या ‘राजी’मध्ये (२०१८) हेर म्हणून सासरी गेलेल्या मुलीला समोरची माणसे चांगली असल्याचे कळते आणि तरीही तिला काम करावे लागते. तिचे यश तिला आतून मोडून टाकते. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या आदित्य धर यांच्या ‘धुरंधर’ने शत्रूच्या शहरात, कराचीच्या टोळ्यांमध्ये, मुरत जाण्याचा धीम्या गतीचा काळ पडद्यावर आणला. रक्तपात मात्र त्यात इतका आहे, की घरच्या लहानांना बरोबर नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मराठीत हा प्रकार आला तो शिवकाळाच्या वाटेने, आणि येथे थोडे थांबावयास हवे. दिग्पाल लांजेकर यांचा ‘फर्जंद’ जून २०१८ मध्ये आणि ‘फत्तेशिकस्त’ नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. ‘फर्जंद’ला आधार आहे १६७३ च्या पन्हाळ्याचा. कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ माणसांनिशी रात्री गड चढून तो घेतला. जयराम पिंड्ये या समकालीन कवीने त्यावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. कामगिरी, माणसांची निवड, टेहळणी, रात्रीची चढाई आणि आतला गोंधळ या साऱ्या पायऱ्या त्या घटनेत मुळातच आहेत. बाहेरून काही उसने आणावे लागत नाही. ‘फत्तेशिकस्त’ हा लाल महालाचा. जाहिरातीत त्याला ‘सर्जिकल स्ट्राईक’ म्हटले गेले. त्याच वर्षी जानेवारीत ‘उरी’ येऊन गेला होता, तेव्हा व्यापाराचा हा शब्द समजण्यासारखा आहे. परंतु १६६३ च्या घटनेला २०१६ च्या शब्दाची शिफारस लागावी, हे काही मनाला पटत नाही.

५ एप्रिल १६६३ ची रात्र. रमजानचा महिना, दुसऱ्या दिवशी रामनवमी. पुण्यात हजारोंची फौज, आणि महाराज ज्या वाड्यात लहानाचे मोठे झाले त्याच वाड्यात शाइस्ताखानाचा मुक्काम. खाफीखान हा मोगल बाजूचा इतिहासकार सांगतो, की लग्नाच्या वरातीचे निमित्त करून कोतवालाकडून परवाना मिळविला गेला आणि दुसरी एक टोळी पकडलेले कैदी आणल्याच्या बहाण्याने आत शिरली. मुदपाकखान्याच्या बाजूने भिंत फोडून जनानखान्यात प्रवेश झाला. खानाची बोटे तुटली, त्याचा पुत्र अबुल फतह मारला गेला आणि महाराज निघून गेले. वाड्याची प्रत्येक भिंत आक्रमकांच्या राजाला पाठ होती. असे कथानक कोणा पटकथाकाराने कल्पनेने रचले असते, तर ‘फारच जुळवून आणले आहे’ असे म्हणून निर्मात्याने ते परत केले असते.

आता पात्रांकडे पाहू. वरिष्ठ, हेर, खलनायक, स्त्री आणि घरभेदी हे साचे या रात्रीला लावून पाहिले, की कोठे बसतात आणि कोठे तडा जातो ते कळते. पहिला तडा वरिष्ठाच्या साच्याला. बाँडचा वरिष्ठ टेबलामागे बसून कामगिरी सोपवितो. येथे राजा स्वतः भिंतीतून आत जातो. दुसरा तडा खलनायकाच्या साच्याला, आणि नेमका तोच चित्रपट बुजवून टाकतात. पडद्यावरचा खान बहुधा विलासी, गाफील आणि हास्यास्पद असतो. इतिहासातला शाइस्ताखान तसा नव्हता. चाकणचा लहानसा किल्ला फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने लढविला, पण अखेर १६६० मध्ये त्याने तो घेतला. लाल महालानंतर बदली होऊन बंगालमध्ये गेल्यावर १६६६ मध्ये त्याच्या सुभेदारीत चितगाव मोगलांच्या हाती आले. अशा माणसाच्या बिछान्यापर्यंत पोचणे हा पराक्रम होय. मूर्खाच्या बिछान्यापर्यंत कोणीही पोचेल. खानाला विदूषक करणारा दिग्दर्शक महाराजांच्या पराक्रमाची किंमत नकळत कमी करतो. मुलांना इतिहास हल्ली पुस्तकाआधी पडद्यावर भेटतो, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी चाकण आणि चितगाव ही दोन नावे त्यांना सांगावीत.

घरभेद्याचा साचाही त्या रात्रीभोवती घुटमळला. राजा जसवंतसिंग फौजेसह जवळ असूनही हे घडले, तेव्हा त्याचे अंग असावे असा संशय मोगल छावणीत उघड बोलला गेला. घरभेदी असो वा नसो, संशयाने अर्धे काम केले.

आणि हेर? बहिर्जी नाईकांचे नाव महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे. ‘फर्जंद’मध्ये प्रसाद ओक आणि ‘फत्तेशिकस्त’मध्ये हरीश दुधाडे यांनी ते रंगविले. मात्र जुन्या साधनांत त्यांचा उल्लेख अगदी थोडा आहे. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रसंगी त्यांचे नाव येते. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवितात. बाकीचे बहुतेक सारे लोकपरंपरेने आणि कादंबरीकारांनी भरून काढलेले आहे. यात कमीपणा काहीच नाही. ज्या हेरखात्याच्या प्रमुखाचे तपशीलवार चरित्र समकालीनांना लिहिता येते, ते हेरखाते फार चांगले चाललेले नसते! पडद्याची अडचण निराळी. तेथे हेराने वेशांतर तर करायचे, पण ते प्रेक्षकाला तत्काळ ओळखूही यायचे. नाही ओळखू आले तर तिकिटाचे पैसे वाया.

आपल्याकडे हेरांचे साचे मांडणारा पहिला ग्रंथ पटकथेचा नव्हे, राज्यशास्त्राचा आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांचे नऊ प्रकार सांगितले. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस हे पाच एका जागी राहणारे; विद्यार्थी, संन्यास सोडलेला, शेतकरी, व्यापारी आणि तपस्वी यांच्या वेशातले. सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी हे चार फिरते. यांतला तीक्ष्ण म्हणजे पैशासाठी जिवाची पर्वा न करता हत्तीशी वा हिंस्र श्वापदाशी झुंजणारा. सगळ्या जगाच्या हेरपटांचा नायक हा एवढाच एक प्रकार आहे. उरलेल्या आठांना चित्रपटात बहुधा चहा आणून देण्यापुरते काम मिळते. कौटिल्याचा व्यवहार तर याच्या उलट. एकमेकांना ओळखणार नाहीत अशा तिघांकडून बातमी एकच आली, तरच ती खरी मानावी, असे तो बजावतो. दोन्हीकडून वेतन घेणाऱ्याला तो ‘उभयवेतन’ म्हणतो आणि अशा कामावर पाठवायच्या माणसाची बायकामुले आपल्या ताब्यात ठेवावीत, असे थंडपणे लिहून जातो. ‘राजी’मधील मुलीचे दुःख त्याला समजले असते, त्याने हिशेब मात्र बदलला नसता.

याच कौटिल्याला विशाखदत्ताने ‘मुद्राराक्षस’ या सात अंकी नाटकात उभे केले. यमपट घेऊन दारोदार हिंडणारा निपुणक राक्षसाच्या नावाची मुद्रा घेऊन येतो, तीच मुद्रा एका बनावट पत्रावर उमटते आणि मलयकेतूचा राक्षसावरील विश्वास उडतो. नाटकात नायिका नाही, द्वंद्वयुद्ध नाही. चाणक्याला राक्षसाचा जीव नको आहे. असा निष्ठावंत अमात्य चंद्रगुप्ताला हवा आहे. शेवटी मित्र चंदनदासाचे प्राण वाचविण्यासाठी राक्षस अमात्यपद स्वीकारतो. प्रतिस्पर्ध्याच्या सद्गुणालाच गळ लावणारा हा डाव एकोच्या पटावर बसत नाही.

पनवेलपुरते बोलायचे, तर या शहराजवळच शिरढोण आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी तेथे जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांच्या बाबतीत हेरगिरी दुसऱ्या बाजूची होती. त्यांच्यावर इनाम लागले, मेजर डॅनियल पाठीवर होता, खबरा पोचत होत्या, आणि २० जुलै १८७९ रोजी देवर नावडगी येथे ते पकडले गेले. गजेंद्र अहिरे यांनी २००७ मध्ये त्यांच्यावर चित्रपट केला. एडनच्या तुरुंगाचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटलेही. पडद्यावर नायक असा निसटला, की पाट्या सुरू होतात आणि लोक चपला शोधू लागतात. परक्या वाळवंटात भाषा, वाट आणि माणूस यांपैकी काहीच त्यांच्या ओळखीचे नव्हते. ते पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच त्यांचा अंत झाला.