मुलगाही नांदायला गेला

(बारामतीच्या वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

पत्रिकेत माझा विषय छापलाय 'परदेशातला संसार आणि बदलाचा स्वीकार'. तो वाचून असं वाटतं की बदलायचं ते तिकडं गेलेल्यांनी, आणि आपण इथं बसून त्यांचं कौतुक करायचं, नाहीतर काळजी. मला तसं वाटत नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचं कुणी ना कुणी बाहेर आहे, म्हणून स्पष्टच बोलते.

आपल्या भागाला स्थलांतर नवं नाही. ज्यांना आपण अभिमानानं आपले म्हणतो ते कवी मोरोपंत जन्मले 1729 साली पन्हाळ्यावर. बाबूजी नाईक बारामतीकरांच्या आश्रयानं ते इथं आले आणि 1794 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, इथलेच राहिले. 1885 मध्ये निरेचा डावा कालवा सुरू झाला, तेव्हा सासवडकडची माळी कुटुंबं पाण्यामागोमाग खाली सरकली. खंडानं जमिनी घेतल्या, ऊस लावला, आणि पुढं 1930 च्या दशकात माळीनगरला स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. इंदापूरकरांना तर मी काय सांगावं? उजनीच्या पाण्यात आख्खी गावं गेली. धरण आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि म्हातारी माणसं आपल्या घराची जागा बोटानं दाखवतात. (भिगवणच्या रोहित पक्ष्यांचं उदाहरण मी देणार नाही. ते इथं खातात आणि अंडी घालायला कच्छच्या रणात जातात. संसार म्हणजे तसं नव्हे.)

या सगळ्या स्थलांतरांत नवं घर मांडायचं काम कुणी केलं? बायकांनी. आणि धरण नको, कालवा नको, साधं लग्न झालं तरी इथल्या प्रत्येक बाईनं हेच केलंय. दुसऱ्याच्या घरी जायचं, तिथली आमटीची चव शिकायची, कुणाशी किती बोलायचं ते ओळखायचं, माहेरच्या सवयी हळूच गिळायच्या. त्यासाठी कुणी व्याख्यान ठेवलं नाही. परदेशातल्या संसारात नवीन गोष्ट एकच आहे. तिथं मुलगाही नांदायला गेलेला असतो. दोघंही परक्या घरात. दोघांनाही रीत माहीत नाही, आणि धुण्याभांड्याला बाई नाही.

आमच्या ओळखीच्या एक आजी सुनेच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेल्या होत्या. मुलगा कामावरून आला, भांडी लावली, बाळाचा लंगोट बदलला, शनिवारी संडास घासला. आजींच्या घशाखाली घास उतरेना. इथं त्यानं कधी पाण्याचा तांब्या उचलला नव्हता. त्या मला म्हणाल्या, "बाई, पोराला पार गडी करून टाकलंय." मी विचारलं, "आणि हीच कामं सून करत असती तर?" आजी थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मग काय, ते तिचंच काम की." तिथल्या थंडीइतकंच हे वाक्यही त्या सुनेला सोसायचं असतं.

बाळंतपणाचं थोडं सविस्तर सांगते, कारण गाडी अडते ती तिथंच. डिंकाचे लाडू, अळीव, शेपा आपण बॅगेत भरून नेतो, ते चालतं. शेक-धुरीचं मात्र जपून. तिथं घराच्या छताला धुराची घंटा असते. ओवा निखाऱ्यावर टाकला की ती कोकलायला लागते, आणि इमारत मोठी असेल तर शेजारीपाजारी रस्त्यावर येतात. बाळाला आईच्या कुशीत घेऊन झोपायचं नाही, तर त्याच खोलीत वेगळ्या पाळण्यात, कडक गादीवर, उताणं झोपवायचं, असं तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. झोपेत अचानक होणारे अर्भकमृत्यू टाळण्यासाठी ते आहे, आपल्याला खिजवण्यासाठी नाही. मालीश करा, कुणी अडवत नाही. पण "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" हे वाक्य इथंच ठेवून विमानात बसा. पाहुण्याच्या व्हिसावर साधारण सहा महिने मिळतात. त्यातले चार रुसव्यात घालवायचे का, ते आपण ठरवायचं.

काय बदलायचं आणि काय धरून ठेवायचं, याचा आपल्याकडचा नमुना मला आनंदीबाई जोशींमध्ये दिसतो. 1883 मध्ये अठरा वर्षांची ही मुलगी एकटी अमेरिकेला गेली आणि रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या घरी उतरली. तिथल्या थंडीत नऊवारीनं पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून तिनं गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. शाकाहार मात्र सोडला नाही. 1886 मध्ये वैद्यकीय पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाला तिनं विषय घेतला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. घरचं ज्ञान तिनं फेकलं नाही आणि डोळे झाकून पूजलंही नाही. मागाहून तिथं पोचलेल्या तिच्या नवऱ्याला, गोपाळरावांना, तो समाज पटला नाही आणि त्यांनी तसं जाहीर भाषणांतून सुनावलं. बायकोला शिकवण्यासाठी जगाशी भांडलेला माणूस, पण त्या घरात रुळली ती बायको.

आता सुनांविषयी. अमेरिकेत नवरा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर आणि बायको जोडीदाराच्या एच-फोरवर, असं पुष्कळ घरांत असतं. एच-फोरवर नोकरीची मुभा नव्हती. 2015 च्या मे महिन्यापासून ती मिळाली, तीही ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम एका टप्प्यापर्यंत पोचलंय त्यांनाच. नोकरीच्या वाटेनं मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला वर्षाला सात टक्केच येतात, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. तोवर मूल एकवीस वर्षांचं झालं तर आईबापांच्या व्हिसावर त्याला राहता येत नाही. इथं अभियांत्रिकी शिकलेली, पगार घेणारी मुलगी तिथं दिवसभर चार भिंतींत बसते आणि आपण फोनवर विचारतो, "मग आज काय केलंस?" हा प्रश्न विचारू नये.

भाषेचं थोडक्यात. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज घरात बहुधा क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात. त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तुमच्या नातवाला मराठी यावी म्हणून रविवारच्या शाळा आहेतच. पण तो तुमच्याशी इंग्रजीत बोलला तर फोन ठेवून देऊ नका. तुम्ही मराठीतच बोलत राहा. समजतं त्याला.

शेवटचा विषय जमिनीचा. यावर आपल्या घरांत कुणी बोलत नाही आणि नंतर भावाभावांत कोर्ट लागतं. मुलानं परकं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. मूळच्या भारतीयांना दिलं जाणारं ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मत देता येत नाही. आणि परदेशात स्थायिक झालेल्याला, पासपोर्ट भारतीय असला तरी, इथं शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं मात्र येते. पुढं विकायची झाली तर इथं राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. तेव्हा "डॉलर पाठवतो, शेजारचे दोन एकर घेऊन ठेवा" असं मुलगा म्हणाला तर त्याच्या नावावर ते होणार नाही. इथल्या भावाच्या नावावर घेतलं तर ते भावाचं झालं, हे आधीच दोघांसमोर बोलून घ्या. आहे ती जमीन कोण कसणार, वाट्यानं द्यायची की खंडानं, तेही वडील हिंडते-फिरते आहेत तोवर ठरवा. मुलगा परत येईल या आशेवर पाच-पाच वर्षं पडीक पडलेली रानं मी याच तालुक्यात पाहिली आहेत.

माझं संपलं. जमिनीबद्दल कुणाला विचारायचं असेल तर आत्ता विचारा, पुढच्या रांगेत एक वकील बसले आहेत, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.