पाऊस, फटफटी आणि बोर नदीची फरशी

जत तालुक्यांतील मनुष्यास पावसांत मोटारसायकल कशी चालवावी हें सांगणें म्हणजे उपाशी मनुष्यास अजीर्णावरील उपाय सांगण्यासारखें आहे, असें आपणांपैकीं कांहीं जण म्हणतील. हा आक्षेप वरकरणी खरा वाटतो. महाबळेश्वरास वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्या वांट्यास सुमारें ५०० मिलिमीटर येतो, आणि त्यांतलाहि बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरांत. परंतु माझें म्हणणें असें कीं, पाऊस क्वचित् पडतो म्हणूनच तो आमच्या फटफटीस्वारास अधिक घातक होतो.

घाटमाथ्यावरील रस्ते जूनपासून सतत धुतले जातात. आमच्या रस्त्यांवर मात्र महिनोन्‌महिने धूळ, तेलाचे थेंब व टायरांची झीज सांचत राहते. पहिल्या सरीचें पाणी त्यांत मिसळलें कीं डांबरावर निसरडा लेप बसतो. त्यांतच ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतांतील काळी माती रस्त्यावर येते. म्हणून पावसाचीं पहिलीं कांहीं मिनिटें सर्वांत वाईट; तेवढा वेळ आडोशास थांबणें हेंच शहाणपण.

निघावेंच लागलें तर वेग निम्मा करावा. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें ११ मीटर पुढें जाते. संकट दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंतच इतकें अंतर संपतें. वेग निम्मा केला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचें अंतर चौथाईवर येतें. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळुवार दाबावे. वळणावर ब्रेक दाबण्याची पाळी येऊं नये म्हणून वेग आधींच उतरवावा.

परतीचा पाऊस आमच्याकडे विजा घेऊन येतो. रबरी टायरांमुळें वीज बाधत नाहीं, ही समजूत खोटी आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येण्यास ३० सेकंदांहून कमी वेळ लागला, तर गाडी सोडून पक्क्या इमारतींत जावें. रस्त्याकडेची बाभूळ किंवा कडुनिंब हा तेव्हां आसरा नव्हे.

आतां सर्वांत मोठ्या धोक्याची गोष्ट सांगतों. ती माझ्यावरच गुदरली. ऑक्टोबरांतील एका संध्याकाळीं मी गांवाहून जतला परतत होतों. मागें माझी मुलगी बसली होती. डोक्यावर आकाश निरभ्र होतें. बोर नदीच्या फरशी पुलाशीं आलों तों फरशीवरून पाणी वाहत होतें. रोजची पायाखालची वाट; पाणी फार तर वीतभर असेल, असा मीं अंदाज बांधला आणि गाडी पहिल्या गिअरमध्यें टाकली. कांठावर एक वृद्ध धनगर आपला कळप घेऊन उभा होता. तो म्हणाला, “गुरुजी, मेंढरं थांबल्यात. तुमी कुटं निघालाय?”

मला अंमळ राग आला. परंतु मुलीनें माझा खांदा घट्ट धरला होता, म्हणून थांबलों. थोड्याच वेळांत बाभळीचा एक मोठा ओंडका वाहत आला आणि फरशीवरून काडीसारखा पलीकडे फेंकला गेला. पाऊस आमच्यावर नव्हे, वरच्या अंगास पडला होता. सुमारें तीन तासांनीं पाणी ओसरलें. बॅटरीच्या उजेडांत पाहतों तों फरशीचा मधला चार हात भाग खचून गेलेला! गढूळ पाण्याखालीं तो खड्डा मला दिसला नसता. त्या रात्रीं आम्ही धनगराच्या पालापाशीं बसून राहिलों आणि उजाडल्यावर दुसऱ्या वाटेनें घरीं पोंचलों.

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा जोर चौपट होतो. दोन चाकांवर तोललेलें वाहन आडव्या रेट्यापुढें टिकत नाहीं, मग चालविणारा कितीहि कसलेला असो. फरशीवरचें पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल, तर गाडी पाण्यांत घालूं नये, एवढा एकच नियम मी आपल्यापुढें ठेवतों.

पाऊस दिसला कीं आमचें मन हरखतें, आणि त्या हर्षांत थांबण्याचें भान राहत नाहीं. परंतु श्रोतेहो, वर्षभर पावसाची वाट पाहणाऱ्या आपणांस पाणी उतरण्याची तीन तास वाट पाहतां येऊं नये काय?