फ्रोबेल यांची खेळणीं

प्रशियाच्या सरकारनें सन १८५१ च्या ऑगस्टमध्यें एक चमत्कारिक हुकूम काढला : राज्यांतील सर्व किंडरगार्टन शाळा बंद कराव्या. चेंडू आणि ठोकळे घेऊन खेळणाऱ्या मुलांचें भय एवढ्या बलाढ्य राज्याला कां वाटावें, असें श्रोते विचारतील. शिक्षणमंत्री फॉन राउमर यांच्या मतें या शाळा समाजवादी पंथाचें अंग असून मुलांना नास्तिक बनवीत होत्या. वस्तुतः रोख होता कार्ल फ्रोबेल यांच्या विचारांवर. घाव बसला तो त्यांच्या ६९ वर्षांच्या चुलत्यांवर, म्हणजे किंडरगार्टनचे जनक फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्यावर. चूक दाखवून दिल्यावरही हुकूम फिरला नाहीं.

मुलांच्या खेळाला धर्मकृत्याइतकें पवित्र मानणाऱ्या या पुरुषाचें स्वतःचें बालपण मात्र उदास गेलें. थुरिंगियांतील ओबरवाइसबाख गांवीं १७८२ सालीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. वर्षाचेही झाले नव्हते तोंच आई वारली. सावत्र आईची माया फार दिवस टिकली नाहीं. पुढें वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी, फ्रँकफुर्ट येथें शिक्षकाचा पेशा, स्वित्झर्लंडांत पेस्टालोझी यांचा सहवास आणि बर्लिनमध्यें स्फटिकांचा अभ्यास, असा त्यांचा प्रवास झाला.

‘मानवाचें शिक्षण’ हा त्यांचा १८२६ चा ग्रंथ वाचणें सोपें नव्हे. भाषा गूढ आहे. त्यांचें तत्त्वज्ञान खरें उमगतें तें त्यांच्या खेळण्यांत. पहिल्या संचांत लोंकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसऱ्यांत लांकडाचा गोल, घन आणि दंडगोल. तिसऱ्यांत आठ लहान घनांचा बनलेला एक मोठा घन : मूल तो मोडतें, तुकड्यांची खुर्ची करतें, जिना करतें आणि शेवटीं पुन्हा घन जुळवतें. मोडण्याबद्दल रागें न भरतां, मोडण्यांतूनच रचना शिकविणारी ही युक्ति स्फटिकांच्या अभ्यासकालाच सुचावी! पुढें कित्येक अनुयायांनीं या खेळाची कवाईत करून टाकली, हा दोष संचांचा नव्हे.

१८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें काम सुरू झालें, १८४० मध्यें त्याला ‘मुलांची बाग’ हें नांव मिळालें. बाग ही नुसती उपमा नव्हती; प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा असे. तेथें शिकविण्यासाठीं फ्रोबेल यांनीं तरुण स्त्रियांना तयार केलें.

बंदी असतांनाच, २१ जून १८५२ रोजीं ते मारियेंटाल येथें निवर्तले. बंदी उठली १८६० सालीं. तोंपर्यंत त्यांच्या शिष्यवर्गानें किंडरगार्टन लंडनला व अमेरिकेला नेलें होतें. श्वाइना येथील त्यांच्या समाधीवर दगडाचा घन आहे, त्यावर दंडगोल, आणि सर्वांच्या वर गोल.