अंगण वाकडे असले तरी



नाचता येईना अंगण वाकडे, अशी आपल्यात म्हण आहे. ज्याला काम जमत नाही तो जागेला नावे ठेवतो, असा तिचा अर्थ. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. मग काय करायचं? नाच सोडून द्यायचा, की त्या अंगणात जमेल असा नाच बसवायचा? आज आम्ही तुमच्याशी याबद्दल बोलणार आहोत.

आपल्या मोरा बंदराचंच घ्या. समोर खाडी. कडेला तिवरे आणि गाळ. ओहोटी लागली की गाळामुळे लाँच अडतात, हे आपण पाहत आलो. वारा सुटला की उभे राहू देत नाही. खाऱ्या हवेने लोखंड बघता बघता गंजते. पावसात सगळा चिखल. अशा जागी मुलांनी खेळायचं कुठं? मुले म्हणतात, मैदान नाही. मोठी माणसे म्हणतात, पैसे नाहीत. दोघांचेही खरे आहे. पण खेळायला मैदान आणि पैसा लागतोच असे एकदा ठरले, की आपली पोरे खेळाच्या आधीच बाद झाली. म्हणून हा प्रश्न लहान नाही.

आधी आपल्याच महाराष्ट्रातली एक गोष्ट ऐका. कुस्ती शिकायची तर समोर जोडीदार लागतो. तो रोज कसा मिळणार? आणि दमला तर? यावर जुन्या लोकांनी एक युक्ती काढली. जोडीदाराच्या जागी लाकडाचा खांब पुरला. हाच मल्लखांब. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. मध्यंतरी ही विद्या मागे पडली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ती पुन्हा उभी केली. माकडांचे झाडावरचे खेळ पाहून त्यांना डाव सुचले, अशी सांगी आहे.

आता तो खांब नीट पाहा. खाली जाड, वर निमुळता, मान बारीक आणि डोक्यावर बोंड. असा का? पायाची पकड वेगळी, हाताची पकड वेगळी, म्हणून. खांब सागाचा किंवा शिसवाचा असतो. त्याला एरंडेल तेल लावतात. त्यामुळे अंग घासून सोलत नाही. म्हणजे त्यातली एकही गोष्ट शोभेची नाही. प्रत्येक गोष्ट कसल्या तरी अडचणीवरचा उपाय आहे.

पुढे टांगलेल्या वेतावरचा मल्लखांब आला. चांगला वेत सगळीकडे मिळत नाही. म्हणून लोकांनी वेताच्या जागी सुती दोर घेतला. दोराला तर मैदानही नको. वर भक्कम तुळई असली, खाली गादी असली आणि शिकवणारा असला, की झालं. दोरावर मुलीही तरबेज झाल्या. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरातल्या उदय देशपांडे यांनी अंध मुलींनाही मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिला परदेशातले खेळाडू आले होते. जोडीदार मिळेना म्हणून उभा केलेला खांब, पण तो कुठवर गेला पाहा!

आता दुसरी गोष्ट, दूरच्या अमेरिकेतली. तिथे प्लॅस्टिकची उडती तबकडी फेकण्याचा नाद लोकांना लागला. १९५७ साली एका कंपनीने तिला ‘फ्रिसबी’ हे नाव दिले. पुढे तिचा एक खेळ निघाला. त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. खेळ सोपा आहे. ठरलेल्या खुणेपासून तबकडी फेकायची. ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची. शेवटी निशाणाला लावायची. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. १९७५ साली कॅलिफोर्नियात एड हेड्रिक या गृहस्थांनी या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले.

तिथे निशाण म्हणून नुसते खांब होते. मग भांडण ठरलेलेच! एक म्हणे लागली, दुसरा म्हणे लागली नाही. हेड्रिक यांनी काय केले? खांबाला वर साखळ्या टांगल्या आणि खाली टोपली बसवली. तबकडी साखळ्यांवर आपटते, तिचा जोर मरतो आणि ती टोपलीत पडते. टोपलीत आहे की नाही, हे सगळ्यांना दिसते. भांडण संपले. १९७७ साली त्यांना या साधनाचे पेटंट मिळाले.

हा खेळ मोऱ्यात आणायचा तर साधन कसे हवे? लोखंडी साखळी आपल्या हवेत टिकायची नाही. पण जाळे टिकते. ते तर आपल्या घरचेच आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात. जाळ्यांची डागडुजी चालते. तेव्हा फाटक्या जाळ्याचे आणि जुन्या दोराचे तुकडे हाताशी असतात.

बांबूच्या कामटीचे एक कडे करा. ते बांबूच्या खांबाला वर पक्के बांधा. कड्याला चार-चार बोटांवर जाड दोराचे तुकडे लोंबते सोडा. त्यांची खालची टोके खांबाला सैल बांधा. सैल का? हे कोळ्याला सांगायला नको. ताणलेल्या जाळ्यावर वस्तू उडते, सैल जाळ्यात अडकते. दोरांच्या खाली, साधारण कमरेइतक्या उंचीवर, पाटी बसवा.

खांब जमिनीत पुरू नका. जुन्या टायरमध्ये उभा करून भोवती दगड आणि सिमेंट भरा. वजन दोघांना उचलता येईल इतकेच ठेवा. भरतीचे पाणी चढायच्या आधी तो उचलून आणता आला पाहिजे.

रोजच्या सरावाला आणखी एक साधन करा. दोन खांबांमध्ये जाळ्याचा पडदा सैल टांगा. त्याची खालची कड वर वळवून झोळी करा. तबकडी जाळ्याला लागली की झोळीत पडेल. चिखलात शोधत फिरायला नको. फळी उभी केली तर वारा ती पाडतो. जाळ्यातून वारा निघून जातो. पाऊस असला तर हाच पडदा ओटीवर टांगा आणि पाच पावलांवरून फेका.

कोणी म्हणेल, वाऱ्याचं काय? वाऱ्याला गुरू करा. खांबाला चिंधी बांधा, म्हणजे वाऱ्याची दिशा कळेल. समोरून वारा असला की तबकडी वर उचलली जाते. पाठीमागून असला की ती लवकर खाली बसते. ज्या मुलाला हे रोज पाहायला मिळते, त्याचा हात मोकळ्या शांत मैदानातल्या मुलापेक्षा लवकर तयार होईल.

मात्र काही गोष्टी कटाक्षाने पाळा. तबकडी पाण्याकडे किंवा रस्त्याकडे फेकू नये. तिवरांत गेली तर मुलांनी गाळात उतरू नये, मोठ्या माणसाने ओहोटीला आणावी. प्लॅस्टिक समुद्रात सोडू नये, ते आपल्याच जाळ्यात परत येते. कामटीची टोके तासून घ्यावीत. आणि जुन्या दोराला कोणी लोंबकळू नये. मल्लखांबाचा दोर वेगळा. तो जाणत्या शिक्षकाखालीच करायचा.

आणखी एक सांगतो. साधन तयार झाले की मुलगे ते बळकावतात आणि मुली कडेला उभ्या राहतात. तसे होऊ देऊ नका. पाळी ठरवा. एक फेक मुलाची, एक मुलीची.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. तर एक काम करा. उद्या संध्याकाळी घरच्या मुलांना घेऊन बसा. वहीच्या एका बाजूला आपल्या जागेच्या अडचणी लिहा: वारा, चिखल, भरती, गंज. दुसऱ्या बाजूला घरात पडलेल्या वस्तू लिहा: दोर, जाळे, बांबू, टायर. मग कोणत्या अडचणीला कोणती वस्तू उपयोगी पडते, ते मुलांना विचारा आणि रेघ ओढून जोडा. तुम्हाला सुचणार नाही ते त्यांना सुचेल. पहिले साधन वेडेवाकडे होईल. होऊ द्या. पहिल्या पावसात त्याचे काय बिघडते ते पाहा, आणि दुसरे त्याहून चांगले करा.