चाकोरीतली बंडी आणि चाकांवरचं घर

(आकाशवाणीवरील भाषण)



वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि आजूबाजूला गोलसर खडे विखुरलेले आढळतात. त्या खड्यांची एक जुनी आख्यायिका आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टवाळी केली आणि त्यांच्याजवळचा नारळासकट सगळा माल दगड होऊन गेला. व्यापाऱ्यांनी पाय धरले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. पुढे ते दोघे मरेपर्यंत बाबांच्याच सेवेत राहिले. भूगर्भशास्त्राच्या हिशेबी हे खडे झिओलाइट नावाच्या खनिजाचे आहेत, काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत तयार झालेले. पण आख्यायिकेतली एक धास्ती अगदी खरी आहे: लांबच्या वाटेवर निघालेला माल मुक्कामी पोचेपर्यंत धड राहील ना?

नागपूर-वऱ्हाडचा कापूस एकेकाळी बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. शेकडो मैलांची ती वाट बंजाऱ्यांचे तांडे तुडवत. वाटेत कापसात धूळ भरे, काडीकचरा शिरे, अवकाळी पाऊस आला तर गोण्या भिजत. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली आणि ही लांबची वाहतूक हळूहळू थांबली. शेतातून गावात आणि गावातून हिंगणघाटच्या बाजारात माल आणायचं काम मात्र बंडीकडेच, म्हणजे बैलगाडीकडेच राहिलं.

त्या बंडीची खरी परीक्षा घेते ती इथली काळी माती. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून आषाढात पांदणीतून, म्हणजे शेतवाटेतून, चालताना पायाला शेर-शेर चिखल चिकटतो आणि वैशाखात त्याच जागी हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात चाकांनी कापलेल्या खोल रेघा दिवाळीनंतर वाळून दगडासारख्या होतात. त्यांना म्हणतात चाकोरी. आज हा शब्द नोकरी-संसाराच्या ठरीव आयुष्याला लावला जातो, पण पांदणीत ती अजून पायाला लागते. बंडी तीत नीट बसते. मोटार आली की तिचं पोट दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर घासतं.

या मातीत चाक टिकवायचं कसब सुताराचं, म्हणजे इकडच्या वाढयाचं. चाकाला लोखंडी धाव चढवायच्या दिवशी त्याच्या अंगणात गर्दी जमे. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. जमिनीवर धाव आडवी ठेवून तिच्यावर गोल गोवऱ्या रचतात आणि पेटवतात. लोखंड लाल झालं की दोघे-तिघे सांडशीने धाव उचलून चाकावर ठेवतात. घणाचे ठोके पडतात, लाकूड धुमसतं, कडेला ज्वाळ उठते आणि त्याच क्षणी वरून घागरीने पाणी ओततात. चर्र आवाज करत लोखंड आवळतं. आरे, तुंबा, पुठ्ठे सगळे सांधे करकरून घट्ट बसतात. त्या जोडाला कुठेही खिळा लागत नाही.

पुढे उन्हाळ्यात लाकूड वाळतं, धाव सैल होते. जाणता गाडीवान चाकावर पाणी मारतो, नाल्यात पाणी असेल तर चाक भिजत ठेवतो. निघण्यापूर्वी आखाला वंगण घालतो. एरंडीच्या तेलात भिजवलेल्या चिंधीचं ते काळं वंगण बंडीखाली लटकवलेल्या नळकांड्यात कायम तयार असे. कोरडा आख कुरकुरला की मैलभरावरून कळायचं, कोणाच्या घरची बंडी आहे आणि मालक किती हयगयी आहे.

चाक आणि वंगण यांनंतर तिसरी गोष्ट ओझ्याची. माल मागे जास्त झाला तर बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचे गळे आवळतात. पुढे जास्त झाला तर ती धुरजड होते आणि बैलांचे खांदे सुजतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात घरोघरी हळद-लोणी लावून पळसाच्या पानाने बैलाचे खांदे शेकतात. वर्षभराच्या धुरजडपणाची ती माफीच असते.

आता हीच गोष्ट ऑस्ट्रेलियात बघा. तिथे मोटारीमागे जोडलेलं चाकांवरचं घर, कॅरॅव्हॅन, घेऊन कुटुंबं महिनोन्महिने फिरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातला गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटर लांब आहे आणि त्यातला बराचसा भाग कच्चा आहे. तिथले अनुभवी लोक सांगतात की कॅरॅव्हॅनच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा मोटारीच्या जोडावर पडावा, जड सामान खाली आणि आखाच्या आसपास ठेवावं. मागचा भाग जड झाला की भरधाव वेगात कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे झुलू लागते आणि मोटारीला घेऊन उलटते. आपल्या गाडीवानाने एका शब्दात सांगितलं असतं: उलाळ झाली.

त्या रस्त्यांवरचा मोठा शत्रू म्हणजे लाटा. कोरड्या मुरमाच्या रस्त्यावर टिनाच्या पत्र्यासारख्या नाळ्या पडतात, त्या आपल्याकडेही दिसतात. २००७ साली भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूवर चाक फिरवून दाखवलं की एका ठराविक वेगाच्या वर गेलं की सपाट वाळूवर आपोआप लाटा उठतात आणि त्या वेगाच्या खाली त्या उठतच नाहीत. म्हणजे रस्ता बिघडवते ती चाकाची घाई, आणि त्या बिघाडाची शिक्षा मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला. या थरथरीने कॅरॅव्हॅनच्या कपाटांचे स्क्रू निघतात, पाण्याच्या नळ्या सुटतात, चाकाचे नट सैल होतात. उपाय साधेच आहेत. टायरची हवा थोडी कमी करायची, म्हणजे चाक पसरून बसतं आणि धक्का पोटात घेतं. पण मग वेगही कमीच ठेवायचा आणि डांबरी रस्ता आला की हवा परत भरायची. दोन ताटांच्या मध्ये कापड घालायचं, कप्प्यात पोकळी ठेवायची नाही. मोटारीच्या मागच्या चाकांनी उडवलेले गोटे थेट मागच्या कॅरॅव्हॅनच्या तोंडावर आदळतात, म्हणून मध्ये जाळीचा पडदा बांधायचा. खालून जाणाऱ्या नळ्यांवर जाड रबरी नळी चढवायची.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. त्याच वर्षी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आली. पहिल्या निर्णयाची बातमी शहरात वाचली गेली, दुसऱ्याची वाट समुद्रपूरच्या शेतकऱ्याने पाहिली. कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली पांदणीत रुतली, तिचा आख मोडला, तर एका रात्रीच्या पावसात वेचलेला कापूस पिवळा पडतो आणि भाव घसरतो. पर्यटकाच्या कॅरॅव्हॅनला कच्च्या रस्त्याचा अनुभव हौस म्हणून मिळतो. शेतकऱ्याची ट्रॉली तिथून दररोज जाते, म्हणून त्या पांदणीवर खडी-मुरूम आधी पडायला हवा. आणि तो पडेपर्यंत ट्रॉलीलाही कॅरॅव्हॅनइतकीच निगा हवी: बेअरिंगला वेळेवर ग्रीस, दोन्ही टायरमध्ये सारखी हवा, ओझं आखावर आणि पावसानंतर माती चांगली सुकेपर्यंत दम धरणं.

नागपूरहून येणाऱ्या महामार्गाला समुद्रपूर तालुक्यात जामला फाटा फुटतो. सरळ रस्ता हिंगणघाट-हैदराबादकडे, दुसरा वरोरा-चंद्रपूरकडे, ताडोबाच्या जंगलाकडे. कॅरॅव्हॅन घेऊन कोणी त्या वाटेने जात असेल, तर त्याने जामच्या चौकात चहा प्यायला थांबावं आणि चहा येईस्तोवर खाली उतरून प्रत्येक चाकाच्या मधोमध, तुंब्याच्या जागी, हळूच हात लावून बघावा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं, तर बेअरिंग कोरडं पडलंय किंवा ब्रेक घासतोय. पुढे कच्च्या वाटेला रपटा लागला, तर आधी पायी चालून पाण्याची खोली बघावी. चाकोरी खोल असेल तर एक चाक मधल्या उंचवट्यावर, एक कडेला, असं सावकाश न्यावं. वाटेत एखादा म्हातारा गाडीवान भेटला, तर गाडी थांबवून पुढच्या रस्त्याची चौकशी करावी. कुठल्या वावराशी माती अजून ओली आहे आणि कुठे मुरूम लागतो, हे त्याला ठाऊक असतं.