कामाची टंचाई आणि किमान वेतन



गुरुवर्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी निवडलेला विषय आपल्या इंदूरला अपरिचित नाही. १९९१ साली हुकुमचंद मिलचा भोंगा थांबला आणि गिरणीत पगार किती असावा हा वाद क्षणात निरर्थक झाला. बेकारी वाढत असताना किमान वेतनाचा आग्रह धरावा काय? हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, असे सांगणारे सारेच निर्दय असतात असे नाही.

अजमेरच्या बिजय कॉटन मिल्सचे प्रकरण पाहावे. १९४८ च्या कायद्यान्वये ठरविलेले वेतन परवडत नाही म्हणून चालकांनी १९५३ साली गिरणी बंद केली. हजाराहून अधिक कामगारांनी महिना ३५ रुपयांवर राबण्याची तयारी दर्शविली होती. पण किमान दराहून कमी वेतनाचा करार तो कायदा मानीत नव्हता. आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. हा निकाल मला योग्य वाटतो. दाराशी बेकारांची रांग असते तेव्हा मजुराची संमती ही भुकेची संमती असते. मात्र वेतनाचे रक्षण झाले तरी कामाचे रक्षण करणे न्यायालयाच्या हाती नव्हते.

ते सरकारच्या हाती असते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात साकारलेल्या रोजगार हमी योजनेचे ब्रीद 'मागेल त्याला काम' असे होते. १९८८ साली शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट झाले, तसे योजनेचे दरही वाढले. वाढ न्याय्यच होती. पण त्यानंतर योजनेवरील रोजगार घटला. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखविले की काम आता मागेल त्याला मिळत नव्हते, ते वाटून दिले जाऊ लागले होते. हमी कागदावर राहिली, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की वेतनाचा दर ठरविणाऱ्या शासनाने त्याच अंदाजपत्रकात सार्वजनिक कामांची तरतूदही वाढवावी. शिवाय दर महागाईबरोबर वर्षावर्षाला वाढवावा, एकदम दुप्पट करण्याची वेळ येऊ देऊ नये. यासाठी कर द्यावा लागेल, आणि तो या सभागृहात बसलेल्या आपल्यासारख्यांनाच द्यावा लागेल.